अंबाडीतली चिंच

आमच्या घरात भांग कधी चोरून आली नाही. ती इंदूरहून यायची, कमळआत्याच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, पातळांच्या घड्यांमध्ये ठेवलेल्या एका कापडी पुरचुंडीत. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. वणीत वाढली, इंदूरला दिली. आतोबांचं तिथं भांगेचं दुकान होतं, सरकारी परवान्याचं, वर पाटी लावलेलं. आपल्याकडे एखाद्याचं किराणा दुकान असावं इतकी ती साधी गोष्ट होती, निदान आत्याच्या बोलण्यातून तरी तसंच वाटायचं. आतोबा गेले, दुकान दिराकडे गेलं, आणि मूलबाळ नसलेली आत्या इंदिरानगरच्या आमच्या तीन खोल्यांत राहायला आली. तेव्हा आमच्या घरामागे द्राक्षांचे मळे होते आणि रिक्षावाले यायला कुरकुरायचे. बाबा ओझरला विमानांचे सुटे भाग तपासायच्या खात्यात होते. त्यांच्याकडे एक छोटा शिक्का होता, त्यावर त्यांचा नंबर. तो उमटला की भाग पास. तो शिक्का कंपनीतच ठेवावा लागायचा, तरी घरी बाबांचा हात झोपेतसुद्धा खिसा चाचपायचा. आई त्यावरून चिडवायची की लग्नातला हार हरवला असता तर चालला असता, पण शिक्का नाही.

अशा माणसाच्या घरात भांग कशी चालली, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. उत्तर एवढंच की ती महाशिवरात्रीपुरती होती, देवाच्या नावाची होती, आणि थोरल्या बहिणीसमोर बाबांचं काही चालत नसे. आदल्या दिवशी आत्या ती वाळलेली पानं मोठ्या पातेल्यात भिजवायची आणि धूत बसायची. पाणी हिरवं, मग पिवळट, मग अगदी नितळ होईपर्यंत धुवायची. धुतलेलं पाणी, त्यातल्या काड्या आणि बिया मागच्या दारी भिरकावल्या जायच्या. मग पाट्यावर बडीशेप, मिरी, खसखस, आणि त्या वरवंट्याचा एकसुरी घरघराट, आई म्हणायची की डोकं उठतं. मला तो आवाज फार आवडायचा. खवा परतल्याचा वास शेजारच्या पाटीलबाईंपर्यंत जायचा आणि त्या काहीतरी मागायच्या निमित्ताने हमखास येऊन जायच्या. वड्या दोन ताटांत थापल्या जायच्या. आमच्या, म्हणजे मुलांच्या, वडीवर चारोळी. मोठ्यांच्या वडीवर काहीच नाही. “सजवलेली दिसली की पोरं हात घालतात,” आत्या म्हणायची. “जिच्यात काय आहे, ती साधीच दिसली पायजे.”

वाढतानाचे तिचे नियम ठरलेले. उपाशीपोटी आधी दूध. वडी नखाएवढी. आणि एक खाल्ल्यावर दोन तास ताटाकडे बघायचं नाही. “भई, भांग घाईच्या माणसाची नाय,” ती सांगायची. “विडी ओढली की लगेच कळतं. ही पोटातून जाते, चालत चालत, तिला वेळ लागतो. लोक काय करतात? काहीच होत नाय म्हणून दुसरी खातात, तिसरी खातात. मग तिन्ही एकदम येतात भेटायला.” इंदूरच्या दुकानात अशा किती शहाण्यांना तिनं लिंबूपाणी पाजून ओट्यावर झोपवलं होतं, त्याच्या गोष्टी ती नावानिशी सांगायची. पाण्यानं भांगेचं काही जात नाही, मळ तेवढा जातो, ती उतरते तुपात, तेलात, दुधाच्या सायीत, हेही मी तिच्याकडूनच ऐकलं. झाडात नर वेगळा, मादी वेगळी. मादीच्या तुऱ्याला हात घातला की तो गांजा, आणि पानापाशी थांबलं तर भांग. “पानापाशी थांबायचं ही आपल्या दुकानाची इज्जत होती,” असं ती म्हणायची तेव्हा तिचा चेहरा बाबा शिक्क्याबद्दल बोलताना व्हायचा तसाच व्हायचा.

मी तेव्हा बारावी सायन्सला होते आणि जगातलं सगळं मला समजत होतं. नर-मादी झाडं वेगळी असतात हे पुस्तकात आहे, हे मी आत्याला ऐकवलं. ती म्हणाली, “बरं झालं, पुस्तकालाही कळलं.” पानांच्या आकृत्या मी वर्गात सगळ्यांत सुबक काढायची. आता पस्तीस वर्षं वनस्पतिशास्त्र शिकवून झाल्यावर मला त्या मुलीची कीव येते आणि रागही येतो. कारण भांग मी वाळलेली पाहिली होती, वाटलेली पाहिली होती, वडीत पाहिली होती. जमिनीतून उगवलेली, हिरवी, उभी भांग मी जन्मात पाहिली नव्हती, आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

मागच्या दारी धुण्याच्या दगडापलीकडे आईनं अंबाडी लावली होती. आमच्याकडे अंबाडी म्हणजे सणापेक्षा कमी नाही. उकडून, पाणी टाकून, कण्या आणि डाळ घालून घोटायची आणि वरून लसणाची तेलाची फोडणी अशी ओतायची की भाजी बुडाली पाहिजे. बाबा ती भाकरीबरोबर खायचे तेव्हा दहा मिनिटं कोणाशी बोलायचे नाहीत. त्या श्रावणात आई मामीच्या बाळंतपणासाठी दिंडोरीला गेली होती. आत्याचे गुडघे पावसाळ्यात धरायचे, त्यामुळे मागच्या चिखलात ती महिना-दोन महिने फिरकलीच नव्हती. घर आम्ही दोघी ओढत होतो, आणि खरं सांगायचं तर आत्या ओढत होती, मी अभ्यासाचं पुस्तक हातात धरून मिरवत होते.

तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी श्रावणी सोमवार, म्हणजे आत्याचा कडक उपास. उपासाच्या दिवशी ती बाबांच्या भाकरी थापायची, पण लसूण-कांद्याला हात लावायची नाही. वाससुद्धा नको म्हणून नाकाला पदर लावायची. मी ठरवलं की बाबांच्या डब्याची भाजी आदल्या संध्याकाळी आपण करून ठेवायची. बाबा एका सहकाऱ्याच्या वास्तुशांतीला गेले होते आणि आत्या पाटीलबाईंकडे भजनाला आणि जेवायला. मी मागे गेले. अंबाडी गुडघ्याएवढी होती, आणि तिच्या कडेला तीन-चार रोपं माझ्या खांद्याला लागत होती, पानं तशीच, पंजासारखी पसरलेली, पण हिरवीगार आणि दाट. मला आनंद झाला. आईची अंबाडी काय जोमानं वाढली आहे! छोट्या रोपांना हात न लावता मी त्या उंच झाडांचे शेंडे आणि पानं ओटीभर खुडून आणली. हाताला चिकट लागलं, वास उग्र आला. पावसानं आला असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

भाजी शिजली आणि मी जिभेला लावून बघितली. आंबट नव्हती. अंबाडी आंबट नाही म्हणजे मीठ खारट नाही असं म्हणण्यासारखं आहे. तिथं थांबले असते तर पुढचं काहीच झालं नसतं. पण मला उत्तर सापडायला वेळ लागत नसे. पाऊस फार झाला की पानातला आंबटपणा उतरत असणार, असा सिद्धांत मी उभ्या उभ्या मांडला, आणि लिंबाएवढी चिंच कोळून भाजीत घातली. थोडा गूळ घातला. कडवटपणा झाकायला तेल नेहमीपेक्षा जास्त घेतलं. मग ती भाजी खरंच बरी लागायला लागली. मला स्वतःला अंबाडी आवडायची नाही, म्हणून मी चटणी-भाकरी खाऊन झोपले. आजही विद्यार्थ्यांना मी पहिल्या तासाला सांगते की पुरावा विरोधात गेला तर त्यात चिंच घालू नका. ते हसतात, त्यांना वाटतं बाईंचा विनोद आहे.

सकाळी आत्यानं नाकाला पदर लावून भाकरी थापल्या. भाजी मी भरली. डबा मात्र रोजच्यासारखा आत्यानंच बाबांच्या हातात दिला आणि बाबा कंपनीच्या बसला गेले. मी कॉलेजला गेले. दुपारी परतले तेव्हा आत्या मोरीत बसली होती, समोर खरकटी कढई. तिनं कढईच्या काठाला लागलेलं पान बोटावर घेतलं होतं आणि ती नुसती बघत होती.

“ही भाजी कुठली?”

“आपली अंबाडी. मागची.”

ती उठली, गुडघ्यांवर हात देत मागच्या दारी गेली, आणि त्या उंच झाडांपाशी उभी राहिली. मला वाटलं ओरडेल. तिनं फक्त एक पान तोडून माझ्या हातावर ठेवलं आणि शेजारी अंबाडीचं ठेवलं. अंबाडीचं पान एकच असतं, खोल कातरलेलं. भांगेचं एकेक बोट सुटं असतं, एका बिंदूपाशी जुळलेलं, कडेला करवतीचे दाते. इतकं सरळ होतं. “शिवरात्रीला मीच बिया फेकल्या इथं,” आत्या म्हणाली. “आणि उभी झाडं कधी दाखवली नाय तुला. वसंता, तुझा बाप, किती खाईल? भाजी आवडली तर वाडगाभर खाईल तो.” आणि मग, माझ्याकडे न बघता, “देवा, त्याचा शिक्का.”

ओझरला त्या दिवशी काय झालं ते आम्हाला तुकड्यातुकड्यांनी कळलं. डबे तिथं वाटून खायची पद्धत. बाबांची अंबाडी शिंदेकाकांनी खाल्ली, सटाण्याच्या देवरेकाकांनी दोनदा मागून घेतली. जेवण झालं, सगळे कामाला लागले. दीड-दोन तास काहीच नाही. मग देवरेकाका यंत्राशेजारी खाली बसले आणि गंभीरपणे आपल्या अहिराणीत विचारू लागले, “मना पाय कोठे गयात रे भाऊ?” शिंदेकाका हसू लागले आणि हसता हसता झोपले. बाबा एका भागाचं एकच भोक मोजत उभे होते. मोजायचे, लिहायचे, आणि लिहिलेल्यावर विश्वास न बसून पुन्हा मोजायचे. घसा कोरडा पडला, छाती धडधडायला लागली, त्यांना वाटलं आपण मरणार. पण मरण्याआधी त्यांनी एक गोष्ट केली. शिक्का खिशातून काढला, साहेबांच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “हा तुमच्याकडे ठेवा. आज माझा हात माझा नाही.” त्या दिवशी त्यांच्या नंबराचा एकही भाग पुढे गेला नाही. ही गोष्ट नंतर देवरेकाका डोळ्यांत पाणी आणून सांगायचे.

तिथल्या डॉक्टरांना डोळे बघून कळलं. तिघांना पाजायचं ते पाजलं, निजवलं, आणि संध्याकाळी जीपनं घरी सोडलं. बाबा आत आले ते भिंतीला धरून. आत्यानं त्यांना लिंबूपाणी दिलं, उशी दिली, पायाशी बसली आणि सांगत राहिली, “काय होत नाय वसंता. मी हाय हितं. ही येते तशी जाते. सकाळी तू तूच असशील.” ती घाबरली की तिच्या तोंडी वणीची भाषा यायची. मी दाराच्या चौकटीत उभी होते. मला वाटत होतं की मी बाबांना मारलं.

सकाळी बाबा खरंच बाबा होते, फक्त फार थकलेले. त्यांनी खिशातून कागद काढला. साहेबांनी दोन दिवसांत लेखी खुलासा मागितला होता. अन्नात हा पदार्थ कसा आला, स्वयंपाक कोणी केला, आणि तो पदार्थ बाळगणारी व्यक्ती अजून घरात आहे का. जागा अशी की तिथं या गोष्टीला हसून सोडणार नव्हते. खुलासा पटला नाही तर प्रकरण पोलिसांकडे जाणार होतं, आणि शिक्का परत मिळणार नव्हता. पंधरा वर्षं त्यांनी तो सांभाळला होता. बाबांनी कागद टेबलावर सरळ केला आणि विचारलं, “भाजी कोणी केली?”

मी तोंड उघडलं होतं. हे मला नक्की आठवतं, कारण त्यानंतरची वर्षं मी याच आठवणीला धरून काढली. पण आत्या आधी बोलली.

“मी केली. म्हातारी झाले रे, दिसत नाय नीट. माझ्याच बिया, माझ्याच हातची भाजी. लिही.”

बाबांनी तिच्याकडे बघितलं. मग माझ्याकडे. मग पेनाचं टोपण काढलं आणि लिहायला लागले. मी उघडलेलं तोंड मिटलं. नंतर मागच्या दारी आत्या झाडं मुळासकट उपटत होती आणि मी खड्डा खणत होते, तेव्हा मी म्हणाले की मी बाबांना सांगते. ती म्हणाली, “तुझं बारावीचं वर्ष. पोलिसात नाव गेलं तर कोण डॉक्टर करेल तुला? माझं काय, मी भांगवाल्याची बायको. माझ्याबद्दल कुणालाही पटेल.” झाडं जाळायची का, असं मी विचारलं तर तेवढ्यातही ती हसली. “जाळ! सगळं इंदिरानगर नाचेल.” आम्ही ती पुरली, वर माती लोटली, आणि धुण्याचा दगड सरकवून त्यावर ठेवला.

खुलासा पटला. ‘सदर व्यक्ती आता माझ्या घरी राहत नाही’ असं शेवटचं वाक्य त्यात होतं, म्हणून ते खरं करणं भाग होतं. आठवड्यात आत्याची ट्रंक बांधली गेली. आई दिंडोरीहून घाईनं आली, वन्संसाठी तिनं दशम्या केल्या, रडली, पण थांबा म्हणाली नाही. दिराच्या घरी आत्याला दुकानामागची खोली मिळणार होती. निघताना तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि सांगितलं की पाटा आठवड्यातून एकदा तरी वापरत जा. मी डॉक्टर झाले नाही. बायॉलॉजीत मार्क कमी पडले असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे त्या वर्षी पानाची आकृती काढायला घेतली की माझा हात थांबायचा. मग मी पानंच शिकायचं ठरवलं.

नोकरी लागल्यावर पहिल्या दिवाळीत मी इंदूरला गेले. खोली अंधारी होती, पण पाट्यासारखी स्वच्छ. आत्या वाळली होती. मी तिचे पाय धरले आणि जे सांगायचं ते सांगितलं, सहा वर्षं साठलेलं, एका दमात. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, “झालं ते झालं, बेटा. पण वसंताला सांगू नको. त्यानं ते खरं समजून लिहिलं. सगळ्या आयुष्यात त्यानं खोट्यावर छाप मारली नाय, त्याचं तेवढं राहू दे.” मी वचन दिलं. त्यानंतर तीन वर्षांनी ती गेली. ती परत कधी नाशिकला आली नाही. ती असेपर्यंत बाबाच दर भाऊबीजेला एकटे इंदूरला जाऊन यायचे.

वचन मी पाळलं. बाबा निवृत्त झाले, शिक्का जमा करून आले, आई गेली, आणि बाबा माझ्याकडे राहायला आले, त्याच इंदिरानगरात, पण आता मळे नव्हते, इमारती होत्या. एका श्रावणात भाजीवालीकडे अंबाडी दिसली. मी पान उलटंपालटं करून बघितलं, चावून बघितलं, मग घेतली. भाजीवाली म्हणाली, “ताई, लय बघता तुम्ही, अंबाडीच हाय ती.” घरी येऊन आईच्या पद्धतीनं केली, कण्या, डाळ, लसूण. बाबांना वाढली. त्यांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ चावत राहिले.

“चिंच नाही घातलीस आज,” ते म्हणाले.

मी पळी हातात धरून उभी राहिले. “अंबाडीत चिंच घालत नाहीत, बाबा.”

“ते मला माहीत आहे. कमळाक्कालाही माहीत होतं.” त्यांनी दुसरा तुकडा मोडला. “डब्यातल्या पहिल्या घासालाच कळलं होतं मला, की ही भाजी तिच्या हातची नाही. लिहायला बसलो तेव्हाही कळत होतं.”

मला एवढंच दिसत होतं की दोघांनी एकमेकांपासून तेच लपवलं होतं, माझ्यासाठी, आणि आत्या मात्र आपल्या भावानं खरं लिहिलं असं समजून गेली. मी खाली बसले आणि रडले, त्यांच्यासमोर, पन्नाशीकडे झुकलेली बाई. बाबांनी वाटी पुढे केली.

“तेल कमी पडलंय,” ते म्हणाले. “थोडी फोडणी वाढ.”